लालमियाँ चाचांची डीव्हीडी

लोक म्हणतात, साधनाबाईच्या तोंडी लागू नका. म्हणू द्या. राजूरच्या गणपतीपुढं फोटो स्टुडिओ चालवायचा म्हणल्यावर तोंड लागतंच. नवा ट्रॅक्टर पूजेला आलेला असतो, मालकाला हार-नारळासकट फोटोत उभं करायचं, त्याची बायको रुसून बाजूला, पोरगं बोनेटवर चढलेलं आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवून राह्यलेल्या. गोड बोलून व्हतंय का हे काम? आमचे हे, राधेश्याम, लई गोड बोलतात. म्हणून त्यांना मी काउंटरवर बसवलंय. कॅमेरा आणि कॉम्प्युटर माझ्याकडं.

त्या सोमवारी दुपारी लालबी चाची आल्या. पिंपळगाव रेणुकाईच्या. त्यांचे मालक लालमियाँ म्हणजे आमच्या भागातले नामी शिंपी. आमच्या लग्नातला ह्यांचा सफारी त्यांनीच शिवलेला. आजून कपाटात हाय, ह्यांचं पोट तेवढं त्याच्या बाहेर गेलंय.

चाचींनी पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. आत फोटो, नुसते फोटो. त्यांच्या घरात भिंतीला फोटो लावत न्हाईत, डब्यातच राहतात.

"साधनाताई, ह्याची टीव्हीवर लागती तशी सीडी करून दे. एकामागून एक फोटो येतेत ना, तशी."

"चाची, सीडी-डीव्हीडी आता कोण बघतं? मोबाइलमध्ये टाकून देते की."

"मोबाइल न्हाई बाई. ह्यांच्या बोटानं फोटो पळून जातेत. मंग हे मोबाइल उलटा करून खाली बघतेत, कुठं पडला म्हणून."

मला हसू आलं. चाची हसल्या न्हाईत, तेव्हा माझं हसू जाग्यावरच थांबलं.

मंग त्यांनी सांगितलं. दोन-तीन वर्षं झाली, चाचांचं डोकं चालंना. सुई-दोरा कळतो, नमाज कळते, माणसं कळत न्हाईत. आणि सगळ्यात मोठं दुःख म्हणजे पोरगीच कळत न्हाई. आयेशा. एकुलती एक. जालन्याला दवाखान्यात नर्स हाय, सुट्टीला घरी येती. ती आत आली की चाचा अदबीनं उठून उभे राहतात, गळ्यातला टेप काढतात आणि विचारतात, "बैठो बाई. माप देना है?"

"आणि रोज सांजच्याला दारात जाऊन उभे राहतेत," चाची म्हणाल्या. "आशू, अंधेरा हो गया, घरकू आ. अशा हाका मारतेत. त्यांची आशू आजून लहानच हाय. दोन वेण्यांची. ती बाहेर खेळायला गेलीय आणि घरी येईना, एवढंच त्यांच्या डोक्यात. आणि आशू तिथंच चुलीपाशी भाकरी थापत बसलेली असती."

पुढच्या शुक्रवारी आयेशाचा निकाह होता. त्यांच्यात निकाहच्या वेळी मुलीचा वकील दोन साक्षीदार घेऊन बायकांत येतो आणि नवरीला विचारतो, कबूल हाय का. बाप असला की बहुतेक बापच वकील. चाचांचे धाकटे भाऊ इजहारभाई म्हणत होते, भाई चारचौघांत नवरीला माप मागतील, हसू होईल, मी विचारतो. त्यांचंही काही चूक नव्हतं. पण आयेशानं फोनवर ठणकावून सांगितलं व्हतं, "माझा बाप जिता हाय. अब्बा मला ओळखून विचारतील, तरच मी बोलीन."

"म्हणून तिला लहानाची मोठी करून दाखव," चाची म्हणाल्या. "टीव्हीवरचं त्यांना खरं वाटतं. रोज लावीन. बघता बघता त्यांच्या डोळ्यांसमोर पोरगी मोठी होईल."

मी म्हणलं, "चाची, तुम्ही बिलकुल घोर करू नका. अशी करून देते की बघत राहाल."

आता माझं काम कसं असतं ते सांगते. माझ्या हाताखालून गेलेली पोरगी काळी राहत न्हाई. मुरूम, वांग, देवीचे व्रण, काही म्हणजे काही राहत न्हाई. पंचक्रोशीतल्या किती पोरींची लग्नं माझ्या फोटोवर जमली, विचारा कुणालाही. आयेशाच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, जळाल्याचा चांगला रुपयाएवढा डाग होता. चार-पाच वर्षांची असल्यापासून पुढं प्रत्येक फोटोत. नवरी पोरगी, आणि कपाळावर डाग? मी एकेका फोटोतून तो पुसला. रंग उजळला. वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या, बदाम फिरवले, पान उलटतं तसा इफेक्ट दिला, मागं सनई लावली.

"अगं, त्यांनी सांगितलं का डाग पुसायला?" हे काउंटरवरून म्हणाले.

"तुम्ही काउंटर बघा," मी म्हणलं.

बुधवारी मी स्वतःच स्कूटीवर डीव्हीडी घेऊन गेल्ते. चाचांनी माझ्या ह्यांचा सफारी शिवला, तेवढा तर मान ठेवावा म्हणलं. खरं सांगायचं तर मला कौतुक ऐकायचं होतं.

चाचा शिलाई मशीनपाशी बसलेले. स्वच्छ पांढरी दाढी, गळ्यात टेप. चाचींनी टीव्हीवरचं फडकं काढलं, प्लेअरमध्ये डिस्क सरकवली. इजहारभाई दाराला टेकून उभे राहिले.

पहिला फोटो चटईवर पालथ्या पडलेल्या बाळाचा. चाचांनी मान वर केली. दुसरा, मशीनवर बापाच्या मांडीवर बसलेली. "आशू," चाचा म्हणाले. आणि असे हसले, माय, की मीच टाळी वाजवायची राह्यले. चाचींनी माझा हात दाबला.

मंग शाळेचा फोटो आला. पाकळ्या पडल्या, बदाम फिरले. चाचांचं हसू गेलं.

"ये किसकी बच्ची है?"

"आपलीच. आशू," चाची म्हणाल्या.

पुढचा फोटो. त्यांनी मान हलवली. पुढचा. त्यांनी माझ्याकडं वळून अदबीनं विचारलं, "बाई, आपकी बच्ची है?"

एकेक फोटो येत होता आणि ते एकेकाला नाही म्हणत होते. मधेच तिच्या लहानपणच्या ईदचा एक फोटो आला, अंगणात सगळा गोतावळा उभा, आयेशा कडेला, जेमतेम दिसावी एवढी. चाचा उठले. टीव्हीजवळ गेले आणि काचेवर बोट टेकवलं.

"ये आशू. ये मेरी आशू."

"तुक्का लागला," इजहारभाई म्हणाले.

पुढचा फोटो आला आणि पुन्हा तेच. शेवटी नर्सच्या कपड्यातली आयेशा टीव्हीभर हसत उभी राहिली. चाचांनी तिच्याकडं पाहिलं, गळ्यातला टेप काढला आणि टीव्हीला म्हणाले, "बैठो बाई. माप देना है?"

चाचींनी पदर तोंडाला लावला. इजहारभाई हळूच म्हणाले, "भाभी, मी काय म्हणत होतो? नका त्यांना त्रास देऊ." सनई आपली वाजतच होती. मला वाटलं, उठून त्या टीव्हीचा गळा दाबावा.

आणि मंग माझ्या डोक्यात उजेड पडला. ईदच्या फोटोत माणसं लई, तोंडं बारीक, म्हणून तेवढा एकच फोटो मी साफ न करता तसाच सोडला होता. आणि चाचांचं बोट आयेशाच्या तोंडावर नव्हतं. कपाळावर होतं.

गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण चाचींचे डोळे बघवेनात. मी म्हणलं, "चाची, माझ्या हातून घाण झाली. डाग मी पुसलाय. सगळ्या फोटोतला." करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही गणपतीच्या दारात बसून.

मला वाटलं, चाची चिडतील. चिडायलाच पाहिजे होतं. त्या नुसत्या खाली बसल्या.

"तो डाग ह्यांच्याच हातचा हाय," त्या म्हणाल्या. "कोळशाची इस्त्री होती. ही टेबलाखाली खेळत व्हती, एकदम उठली आणि ह्यांच्या हातातली इस्त्री कपाळाला लागली. भोकरदनच्या दवाखान्यापर्यंत हे तिला खांद्यावर घेऊन गेलते, वाटभर फुंकर घालत. पुढं डाग सुकला, तरी रोज सांजच्याला पोरगी खेळून आली की आधी कपाळावर फुंकर, मंग जेवण. ती शाळेत जायला लागली तरी. ती लाजायची, पळून जायची."

"मंग तिला समोर बघून का ओळखत न्हाईत?"

"तो डाग दिसतो कुठं? त्याच्यापायी पोरी चिडवायच्या, रडत घरी यायची. तेव्हापासून स्कार्फ भुवयांपर्यंत, शाळेच्या न् नोकरीच्या फोटोपुरता तेवढा मागं सारायची. आईलाबी दाखवत न्हाई." चाचींनी माझा हात धरला. "तिला सांगू नको हं ताई. बापाला तेवढाच डाग याद हाय, हे तिला कसं सांगू? लग्नाच्या तोंडावर?"

मी कबूल केलं. डबा घेऊन परत आले. ह्यांना सांगितलं, तर हे काहीच बोलले न्हाईत, नुसता चहा आणून ठेवला. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडायला तरी झालं असतं.

पुन्हा सगळे फोटो स्कॅन केले. पाकळ्या काढल्या, बदाम काढले, सनई काढली. फोटो येईल, थांबेल, जाईल. बस. सावळी ती सावळी, डाग तो डाग. इतकं साधं काम मी जन्मात केलं नव्हतं आणि इतकी भीती कधी वाटली नव्हती. कोऱ्या डिस्क आता मिळत न्हाईत, माझ्याकडं एकच उरली होती. जुन्या प्लेअरला जल्दी कॉपी मारलेली डिस्क चालत न्हाई, म्हणून सगळ्यात हळू स्पीडवर लावली आणि राईटरपुढं बसून राहिले. लाईट जाईल का, डिस्क फसेल का, जीव टांगणीला लागलेला. गणपतीला म्हणलं, बाप्पा, एवढी एक निघू दे, मंग हवं तर राईटर मोडून टाक.

निघाली.

दुसऱ्याच दिवशी पिंपळगावला नेऊन दिली. मंग रोज सांजच्याला चाचींचा फोन. आज शाळेपर्यंत ओळखली. आज पुन्हा विसरले, बाळालाच कोण म्हणले. आज दहावीपर्यंत, आज थेट नर्सच्या फोटोपर्यंत, साधनाताई, शेवटपर्यंत आशू आशू म्हणले! मी फोन ठेवून ह्यांना ओरडून सांगितलं. स्टुडिओत एक जोडपं पासपोर्ट फोटोला बसलेलं होतं, ते दचकलं.

निकाहच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, आयेशा घरी आली. फोन आला, त्यात चाचींचं रडणंच आधी ऐकू आलं.

"टीव्हीवर आशू म्हणतेत, आणि ती समोर बसली तर म्हणतेत, बैठो बाई."

"चाची, तिला स्कार्फ काढायला सांगा!"

"घर पाव्हण्यांनी भरलंय. ती न्हाई काढणार. आणि काय सांगून काढायला लावू?"

त्यांचं कोडं मलाबी सुटंना. म्हणलं, उद्या लवकर येते, मंग बघू.

शुक्रवारी बायकांकडचं शूटिंग माझ्याकडं होतं. मी जरा आधीच निघाले होते, म्हणलं, नवरी सजायच्या आत पोहोचावं, काहीतरी सुचेल. भोकरदनमध्ये बाजारातल्या गर्दीत स्कूटी अडकली. कुणाचा तरी टेम्पो आडवा. मी त्याला जे बोलले ते इथं सांगण्यासारखं न्हाई. पोहोचले तेव्हा जुम्याची नमाज होऊन मंडळी मांडवात बसत होती.

आत गेले आणि पाय जागीच थांबले. भोकरदनच्या पार्लरवाल्या प्रियानं आयेशाला तयार केली होती. तोंड गुळगुळीत, दुधासारखं. कपाळावर डागाचा मागमूस न्हाई, वर टिकल्यांची नक्षी. माझी पहिली डीव्हीडीच माझ्यापुढं लाल शरारा घालून बसली होती.

"कशी दिसती, ताई?" प्रिया म्हणाली. "डाग शोधून दाखवा."

मला तिच्या थोबाडीत मारावी वाटली. काय म्हणून मारणार? तिनं तेच केलं होतं जे मी केलं होतं.

चाची एका कोपऱ्यात उभ्या. त्यांनी माझ्याकडं बघून नुसतं कपाळ धरलं. आणि तेवढ्यात दारातून हाक आली, बायांनो, पडदा करा, वकील येऊन राह्यले.

इजहारभाई चाचांचा हात धरून आत आले. मागं दोन साक्षीदार. चाचांना नवा कुर्ता घातलेला, पण गळ्यात टेप होताच, तो काढू दिला नसणार. त्यांना आयेशासमोर बसवलं. तिनं मान वर केली. इतकी आशा होती त्या पोरीच्या डोळ्यांत की मला तिकडं बघवेना.

चाचांनी तिच्याकडं बघितलं. शराऱ्याच्या जरीवरून बोट फिरवलं, शिलाई तपासल्यासारखं.

"अच्छा सिया है," ते म्हणाले. "बैठो बाई. माप देना है?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आयेशानं मान खाली घातली. इजहारभाईंनी खाली वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बस झालं बेटा. मी विचारतो. तू हो म्हण."

"थांबा!" मी ओरडले.

सगळ्यांच्या माना माझ्याकडं. फोटोवाली बाई निकाहमध्ये ओरडती म्हणजे काय! पण सुटलेलं तोंड आता कुठं थांबणार? मी आयेशापाशी जाऊन बसले. "पोरी, मी तुझ्या आईला शब्द दिलता तुला सांगणार न्हाई म्हणून. तो मोडते. तुझ्या बापाला तुझ्या कपाळावरचा डाग ओळखू येतो. मी फोटोतून पुसला तर त्यांनी तुला ओळखलं न्हाई, ठेवला तर ओळखलं. तू लहानपणापासून झाकला. आज हिनं झाकलाय."

आयेशानं आईकडं बघितलं. चाचींनी मान हलवली, हो. डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"या डागानं?" आयेशा म्हणाली. "अब्बा मला या डागानं ओळखतेत?"

तिनं ओढणीचं टोक धरलं, शेजारच्या ग्लासातल्या पाण्यात बुडवलं आणि कपाळावरून फिरवलं. "अहो ताई, मेकअप!" प्रिया किंचाळली. टिकल्या गळल्या. रंग ओघळून भुवईवर आला. आयेशा घासतच राहिली, कपाळ लाल होईपर्यंत. शेवटी त्या लालीत तो डाग दिसायला लागला. तिनं भर बायकांत, साक्षीदारांपुढं, केस मागं सारले आणि बापापुढं तोंड केलं.

चाचा बघत होते. हातातला टेप खाली पडला. त्यांचा अंगठा हळूहळू वर गेला आणि डागाशेजारी थांबला, डागाला न लागता.

"आशू," ते म्हणाले. "जलता क्या रे?"

आणि त्यांनी तिच्या कपाळावर फुंकर घातली. एकदा. मंग पुन्हा.

"नहीं अब्बा," आयेशा म्हणाली. "अब नहीं जलता."

मी रडत होते, सांगायला काय लाज. इजहारभाई, एवढा कडक माणूस, त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मंग ते भावाच्या कानाशी वाकले आणि एकेक शब्द सांगत गेले. मुलाचं नाव शाहबाज, त्याच्या बापाचं नाव, नवऱ्यानं नवरीला द्यायची मेहरची रक्कम. चाचा त्यांच्यामागून एकेक शब्द म्हणत गेले, कुठं अडखळले, कुठं परत मागं आले. शेवटचं मात्र त्यांनी तिच्याकडं बघून, आपल्या मनानं विचारलं.

"कबूल है, आशू?"

"कबूल है, अब्बा."

साक्षीदार उठले. बायका नवरीभोवती गोळा व्हायला लागल्या. चाचा मात्र तिचा हात सोडीनात. त्यांनी शराऱ्याकडं पाहिलं, दारात जमलेल्या गर्दीकडं पाहिलं, मांडवातला गलका ऐकला. मंग तिच्या गालावर हलकी चापट मारली, शेजारची पोरं खेळायला बोलवायला आल्यावर बाप मारतो तशी.

"जा, खेल," ते म्हणाले. "मगर अंधेरा होने के पैले घरकू आ जा."

"आती, अब्बा," आयेशा म्हणाली.